उलटं ओलांड

१

अस्मीला झोपायला पलंग होता, अभ्यासाला टेबल होतं, लोळायला बापानं हौसेनं आणलेली बीन बॅग होती. पण ती लोळायची पॅसेजमध्ये, बरोब्बर बेडरूमच्या दारात, टॅबलेट छातीवर ठेवून. दुबईजवळच्या अजमानमधल्या त्या फ्लॅटमध्ये एसीचा झोत तिथंच नीट लागतो, असं तिचं म्हणणं. सात वर्षांच्या मुलीशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

सकाळच्या घाईत अनुपमा तिला ओलांडून जायची. आणि ओलांडलं रे ओलांडलं की थबकायची, मागे वळायची, लेकीला उलटं ओलांडून पुन्हा पहिल्या जागी यायची. मग "सरक गं जरा" म्हणून भिंतीच्या कडेनं जायची. मिनिटभर उशीर झाला तरी चालेल, पण हे चुकायचं नाही.

"मम्मा, यू आर सो वीअर्ड," अस्मी टॅबलेटवरून नजर न हलवता म्हणायची.

"वीअर्ड काय त्यात? झोपलेल्या मुलाला ओलांडलं की उंची खुंटते. उलटं ओलांडलं की सुटतं. आम्हाला असंच वाढवलंय."

"दॅट्स नॉट सायन्स."

"नसू दे. उंची तर वाढतेय ना?"

अस्मीचा बाप, सुजीत, बुटाच्या नाड्या बांधता बांधता हसायचा. "अस्मी, मम्मा म्युझियमच्या वस्तू सांभाळते. त्यातली ही एक समज. जुनी आहे, पण कंडिशन गुड."

उंची वाढत होती, हे खरं. बेडरूमच्या चौकटीवर अस्मीच्या उंचीच्या खुणा होत्या. घर भाड्याचं, म्हणून चौकटीवर आधी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलनं. दर वाढदिवसाला आणि मधूनच लहर येईल तेव्हा अस्मी टाचा टेकून उभी राहायची आणि अनुपमा रेघ ओढायची. ह्या पोरीसाठी अनुपमा दोनदा इस्पितळाच्या पायऱ्या रिकाम्या हातानं उतरली होती. तिसऱ्या खेपेला ही हाती लागली. तेव्हापासून वाढणारी रेघ पाहिली की तिला बरं वाटायचं, आणि ह्या एका बाबतीत सायन्सबियन्स तिला नको असायचं.

अस्मीला मराठी कळायचं सगळं. उत्तर मात्र इंग्रजीत. शनिवारच्या मराठी वर्गाला घालून झालं, पुण्याच्या आजीशी व्हिडिओ कॉल करून झाले. "आजी, आय एम फाइन" ह्यापुढे गाडी सरकली नव्हती.

२

अनुपमा दुबईच्या जबल अलीतल्या एका कंपनीच्या गोदामात कामाला होती. गोदाम म्हटलं की पुठ्ठ्याचे खोके आणि फोर्कलिफ्ट डोळ्यांपुढे येतात. तेही होतंच, पण इमारतीच्या मागच्या अंगाला आठ गार, कोरड्या, बिनखिडक्यांच्या खोल्या होत्या आणि त्यांत जगभरातल्या संग्रहालयांच्या वस्तू मुक्कामाला असायच्या. त्या आल्या तशाच परत जाव्यात, हे तिचं काम.

चार नंबरच्या खोलीत त्या हिवाळ्यात एक घर आलं होतं. म्हणजे घराची जमीन. जपानमधल्या एका लहान गावात, समुद्राकाठच्या कड्यावर, काही हजार वर्षांपूर्वी माणसं खड्डा खणून त्यावर छप्पर घालून राहायची. त्यांतल्या एका घराची जमीन मातीसकट, मधल्या चुलीच्या दगडांसकट, जशीच्या तशी उचलून लाकडी चौथऱ्यावर बसवलेली होती. अबू धाबीत प्रदर्शन व्हायचं होतं. तिथली गॅलरी इन्शाल्ला पुढच्या महिन्यात तयार होणार होती, गेले तीन महिने.

घराबरोबर निशिदाबाई आल्या होत्या. त्या गावच्या वारसा कचेरीतल्या, साठीच्या, बारीक चणीच्या, बोलताना प्रत्येक इंग्रजी शब्द आधी तपासून मग बाहेर सोडणाऱ्या.

"आमच्या गावात अशी पुष्कळ घरं सापडली," त्यांनी सांगितलं. "आम्ही उघडतो, बघतो, मोजतो. मग स्वच्छ वाळू घालून पुन्हा बुजवतो. वर गवत. लोक विचारतात, तुमचा वारसा कुठे आहे? आम्ही म्हणतो, तुमच्या पायाखाली. बंद करणं हेच जपणं."

"मग हे का उचललंत?"

"कडा ढासळत होता. हे घर समुद्रात गेलं असतं. आणि बाकीची झाकून ठेवायला पैसा लागतो, लोकांचा पाठिंबा लागतो. त्यासाठी एक तरी दाखवावं लागतं." त्यांनी चौथऱ्याकडे बोट केलं. "उघडं राहिलेलं हे एकच. फिरून आलं की सुरक्षित जागी नेऊन बुजवणार."

चौथऱ्याभोवती माणसाच्या उंचीचे पारदर्शक ॲक्रिलिकचे पत्रे होते. फक्त घराच्या मूळ दाराच्या बाजूला मोकळं होतं. त्या दारात, जमिनीत, एक मडकं पालथं पुरलेलं होतं. त्याच्या बुडाचं काळसर वर्तुळ तेवढं दिसायचं. आतल्या चुलीपाशी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र होतं. तिथं जायला एक फळी टाकली होती, आणि फळीवर पोचायला मडकं ओलांडण्यावाचून इलाज नव्हता.

"ह्यात काय असायचं?" अनुपमानं विचारलं.

"मूल," निशिदाबाई म्हणाल्या. "जन्मताच गेलेलं. असा आमचा तर्क आहे. आईनं रोज येता-जाता त्याच्यावरून जावं, म्हणजे ते पुन्हा तिच्या पोटी येईल. तर्कच. लिहून ठेवणारं कोणी नव्हतं."

अनुपमाला आपल्या दोन रिकाम्या खेपा आठवल्या, पण परक्या बाईपुढे ते कशाला.

मग निशिदाबाईंनी तिला यंत्र कसं बघायचं ते दाखवलं. मडकं ओलांडून आत गेल्या, आकडे वाचले आणि निघताना दाराकडे न येता मागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं दोन पत्र्यांमध्ये एक फट होती. तीतून त्या आडव्या होऊन निसटल्या, आणि पत्रा व खोलीची भिंत ह्यांमधल्या चिंचोळ्या जागेतून, भिंतीकडे तोंड करून, पोट आत ओढून, कडेकडेनं बाहेर आल्या. साठीच्या बाईला ही कसरत कशाला, असं अनुपमाला वाटलं. दारात गर्दी नको म्हणून असेल. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निशिदाबाई विमानात बसल्या.

३

रोज सकाळी अनुपमा एकटी चार नंबरमध्ये जायची. मडकं ओलांडून आत आणि मडकं ओलांडूनच बाहेर. अंग चोरून भिंतीला घासत जायची काही गरज नव्हती. शिवाय दाराकडून परतताना आपण पोराला उलटं ओलांडतोय, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. कुणाचं का असेना, मूल ते मूल.

एकटी असली की ती वस्तूंशी बोलायची. दिवसभर ईमेल इंग्रजीत, हाताखालच्यांशी हिंदी, साहेबाशी थोडं अरबी, "यल्ला, खलास" एवढंच. मराठी बोलायला ह्या गार खोल्याच होत्या. "काय म्हणतेय आज चूल?" असं विचारत ती यंत्र बघायची. निघताना मडक्यावरून पाय टाकत म्हणायची, "येते हं राजा. शहाण्यासारखं राहा."

खोल्यांमधले दिवे आपोआप चालायचे. आत कोणी हललं की लागायचे, हालचाल थांबली की थोड्या वेळानं विझायचे. जुन्या रंगांना उजेड सोसत नाही म्हणून ही सोय. सकाळी दार उघडलं की आधी काळोख आणि मग लख्ख उजेड, ह्याची तिला सवय होती.

एके सकाळी तिनं चार नंबरचं दार उघडलं तर उजेड आधीच होता.

"सेन्सर का दिमाग़ ख़राब है, मॅडम," इमारतीची देखभाल बघणारा मोहिद्दीन म्हणाला. तो हैदराबादचा, सतत पान रंगल्यासारखा खूश. "एसी की हवा को आदमी समझ रहा है."

त्यानं सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशीही उजेड होता. त्यानं तारा बदलल्या, शेजारच्या खोलीतला नीट चालणारा सेन्सर काढून इकडे लावला. शेजारची खोली नव्या सेन्सरवर शहाण्यासारखी विझू लागली. चार नंबर जागीच.

अनुपमानं स्वतःला समजावलं. एसीची फुंकर असेल, पत्र्यांवरचं परावर्तन असेल. यंत्रं चुकतात, म्हणून तर माणसांना पगार मिळतो.

त्याच आठवड्यात तिला पत्र्यावर ठसा दिसला. दाराच्या उजवीकडच्या पत्र्यावर, जमिनीपासून वीतभर, एक तळहात. इतका लहान की आधी तिला ते डागच वाटले. पत्रे बसवणाऱ्यांपैकी कोणी गुडघ्यावर बसून हात टेकला असेल आणि बोटं नीट उमटली नसतील. तिनं फडक्यानं पुसला. गेला नाही. मग बाहेरून पुसायचं थांबवून ती आत गेली आणि आतल्या बाजूनं पुसला. लगेच गेला.

४

नंतरचा ठसा तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. त्याच्यानंतरचा मांडीपाशी. आणि तळवा आता लहान राहिला नव्हता.

कॅमेरा दारावर होता, आत नव्हता. कॅमेऱ्यात दिवसाकाठी एकच बाई आत जाताना आणि बाहेर येताना दिसत होती. ती बाई म्हणजे अनुपमा. वर कळवावं तर काय कळवायचं? कोण्या साहेबाला जाऊन सांगणार, की माझ्या खोलीत काहीतरी मोठं होतंय? ती पुसत राहिली. पुसताना ती मोठ्यानं मराठीत बडबडायची, कारण गप्प राहणं जास्त वाईट होतं.

घरी सगळं आलबेल होतं. एक फालतू गोष्ट सोडून. शाळा सुरू होताना अस्मीचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतला होता, बाह्या दुमडून. त्या बाह्या अजून दुमडलेल्याच होत्या. उलट एक घडी वाढली होती.

"स्लिम झालीय," सुजीत म्हणाला. "जंक फूड बंद केलंस ना तू."

अनुपमानं अस्मीला चौकटीपाशी उभं केलं. टाचा टेकल्या, डोक्यावर पुस्तक ठेवलं. पुस्तक दिवाळीतल्या रेघेच्या खाली टेकलं. थोडंसंच, पण खाली.

"स्टँड स्ट्रेट, अस्मी."

"आय ॲम स्टँडिंग स्ट्रेट!"

चिकटपट्टी निघाली म्हणून कोणी जरा वर लावली असेल. दिवाळीत पोरगी टाचा उचलून उभी राहिली असेल. अनुपमानं सगळी कारणं शोधली, त्यातली एकही वाईट नव्हती. पुढच्या आठवड्यात शाळेच्या नर्सनं मुलांची वार्षिक तपासणी केली आणि फोन करून अगदी गोड आवाजात सांगितलं की गेल्या वर्षीचं माप कोणीतरी चुकीचं घेतलेलं दिसतंय, कारण यंदा अस्मी कमी भरतेय. काळजी करू नका, डॉक्टरांना एकदा दाखवा.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल. "मुलं खाली जात नाहीत," ते हसून म्हणाले. "मापं चुकतात. तीन महिन्यांनी या."

त्या रात्री अनुपमा बाथरूममध्ये नळ सोडून रडली. सुजीतला काय सांगणार?

५

दुसऱ्या दिवशी तिनं निशिदाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. निमित्त दमटपणाच्या आकड्यांचं. मग जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, की तुम्ही त्या दिवशी मागच्या फटीतून का बाहेर आलात?

निशिदाबाईंनी चष्मा काढून पुसला. "आपण कशा येता?"

"दारातूनच. जाते तशी येते."

निशिदाबाईंनी चष्मा चढवला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं.

"नियम असा नाही," निशिदाबाई म्हणाल्या. "आमच्याबरोबर खणायला गावातल्या म्हाताऱ्या बायका होत्या. त्या आत जायच्या, पण तिथून बाहेर येत नव्हत्या. दुसरीकडून चढायच्या. म्हणून आम्हीही तसंच. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं."

अनुपमानं मग आपल्याकडची समजूत सांगून टाकली. हसत सांगायची होती, पण हसू आलं नाही. "मुलाला ओलांडलं तर आम्ही परत उलटं ओलांडतो. म्हणजे मूल वाढतं."

निशिदाबाई हसल्या नाहीत. परिषदेत एखाद्याचा निबंध ऐकून विचारावं तशा अदबीनं त्यांनी विचारलं, "आणि वाढतं का?"

अनुपमानं कॉल कसा संपवला ते तिला नंतर आठवेना.

त्या दिवसापासून ती मागच्या फटीतून बाहेर येऊ लागली. भिंतीकडे तोंड, पाठीशी पत्रा. पत्र्यापलीकडून कोणी आपल्याबरोबर पावलं टाकत चाललंय, असं वाटायचं. ऐकू काहीच यायचं नाही. ती बोलणंही बंद करून बसली. ठसे वर चढायचे थांबले. शेवटचा होता तो अस्मीच्या खांद्याच्या उंचीवर, अस्मीच्याच हाताएवढा. तिनं तो पुसला नाही, हात लावायचीच हिंमत होईना.

गॅलरी एकदाची तयार झाली. शुक्रवारी दुपारी घर खोक्यांत बंद होऊन अबू धाबीला जाणार, असं ठरलं. त्या शुक्रवारइतकी वाट अनुपमानं कधी पगाराचीही पाहिली नव्हती.

६

शुक्रवारी शाळा दुपारच्या आत सुटते. सुजीत अस्मीला आणणार होता, पण त्याला ऐनवेळी अबू धाबीजवळ मुसफ्फाला साइटवर जावं लागलं. एरवी अडीनडीला अस्मीला सांभाळणाऱ्या शेजारच्या संजना सुट्टीवर गेलेल्या. अनुपमा शाळेत गेली, अस्मीला गाडीत घातलं आणि तिला घेऊन जबल अलीला आली. दुसरा काय इलाज होता?

"इथून हलायचं नाही," तिनं अस्मीला आपल्या केबिनमध्ये बसवून सांगितलं. "मोहिद्दीन अंकल बाहेर आहेत. दहा मिनिटांत आले."

"ओके, मम्मा."

चार नंबरमध्ये उजेड होताच. खोके बाहेर रचून ठेवले होते, माणसं चहाला गेली होती. निघण्याआधीची शेवटची तपासणी तेवढी बाकी होती. अनुपमानं मडकं ओलांडलं, आकडे पाहिले, चुलीचे दगड पाहिले. सगळं आलं तसंच होतं. ती मागच्या कोपऱ्यात गेली, फटीतून निसटली आणि भिंतीकडे तोंड करून सरकू लागली. अर्ध्यात आली तेव्हा खोलीच्या दाराचा आवाज झाला.

"मम्मा?" अस्मीचा आवाज. "यू डिडंट गो बॅक."

"अस्मी, बाहेर जा!"

"यू स्टेप्ड ओव्हर इट अँड यू डिडंट गो बॅक. आय सॉ. इट्स ओके, आय विल डू इट फॉर यू."

अनुपमाला वळता येईना. मान तेवढी फिरली. दोन पत्र्यांतून पलीकडचं पाण्याखालचं असावं तसं दिसत होतं. निळा गणवेश उडी मारून आत आला. थप्प. पोरीनं आयुष्यभर आईला जे करताना पाहिलं होतं, तेच ती करत होती.

मग उलटी उडी. थप्प.

आणि लगेच, तिच्या मागोमाग, आणखी एक. थप्प.

पत्र्यांच्या जोडापाशी अनुपमाला दोन डोकी दिसली, सारख्या उंचीची, एकाला शाळेची रिबीन. जोडावर चित्र दुभंगतं, हे तिला माहीत होतं. ती कातडं सोलवटत भिंतीवरून सरकली, कोपरा वळली, बाहेर आली.

मडक्याच्या अलीकडे अस्मी उभी होती. एकटीच. रिबीन सुटून हातात आली होती. अनुपमानं तिला उचललंच. हात गार होता, पण त्या खोलीत सगळंच गार असतं.

"कशाला आलीस? सांगितलं होतं ना? लागलं का कुठे?"

अस्मी आईच्या तोंडाकडे बघत राहिली, नवीन माणूस बघावं तशी.

बाहेर मोहिद्दीन धावत आला. तो चूक कबूल करायच्या तयारीनं आला होता, पण अनुपमाच्या खांद्यावरून खोलीत बघून त्याचा चेहरा उजळला.

"देखिए मॅडम! ठीक हो गया!"

तिनं वळून पाहिलं. चार नंबरच्या खोलीतले दिवे विझले होते.

७

गाडीत अस्मी झोपली ती थेट दुसऱ्या दिवशी उठली. उठली, डोळे चोळले आणि म्हणाली, "भूक लागली."

सुजीतच्या हातातला चहा हिंदकळला. "अनु, ऐकलंस? मराठी!"

मग मराठीच. हळूहळू, एकेक वाक्य, पण स्वच्छ. पुण्याच्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारच्या वर्गाच्या बाईंनी इतर पालकांना अस्मीचं उदाहरण दिलं. शाळेतून मात्र तक्रार आली, की अस्मी वर्गात गप्प असते, विचारलेलं तिला कळत नाही की काय अशी शंका येते. "होतं असं," सुजीत म्हणाला. "भाषा शिफ्ट होते. मी वाचलंय."

आणि ती वाढू लागली. बाह्यांच्या घड्या सुटल्या. चौकटीवरची रेघ दिवाळीच्या रेघेच्या वर गेली, मग आणखी वर. डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगितलं नव्हतं? सुजीतनं पेढे वाटले. अनुपमाही हसली, आणि त्या हसण्यानं तिचे गाल दुखले. लेक उराशी आहे, वाढतेय, मराठी बोलतेय. देवाकडे मागितलेलं सगळं एकदम मिळालं होतं. तरी रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालताना अनुपमाचा हात मधेच थांबायचा. "मम्मा" ह्या हाकेची तिला इतकी आठवण येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी ती ऑफिसला निघाली. अस्मी दारापर्यंत आली, आईची ओढणी सारखी केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ये हं राजा. शहाण्यासारखं राहा."

अनुपमा जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. ते वाक्य तिनं ह्या घरात कधी उच्चारलं नव्हतं.

प्रदर्शन झालं, संपलं, घर जपानला परत गेलं. निशिदाबाईंचा मेल आला तो एका शुक्रवारी. घरी दुपारची जेवणं उरकली होती, सुजीत भांडी घासत होता. बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता अनुपमानं मोबाईल उघडला.

निशिदाबाईंनी आभार मानले होते. प्रदर्शनामुळे गावातल्या बाकीच्या घरांच्या संरक्षणाला मंजुरी मिळाली होती. मग लिहिलं होतं, एक लहानशी गोष्ट विचारायची आहे. पत्र्यांवर आतल्या बाजूनं मुलाच्या हाताचे ठसे दिसतात. अबू धाबीला उघडलं तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर होते. पुसले की पुन्हा येतात, आणि दर वेळी थोडे खाली. शेवटचा वीतभर उंचीवर आहे, फार लहान. आमच्या कचेरीतल्या एका मुलीला मडक्यापाशी इंग्रजी ऐकू आलं, पण ती दमलेली होती. आपल्याला ह्याबद्दल काही माहीत असल्यास कळवावं. नसल्यास काळजी नसावी. आज दुपारी आम्ही वाळू भरतो आहोत. मग ते कायमचं सुरक्षित होईल.

अनुपमा उठली. निशिदाबाईंना फोन लावून, घड्या खाली सांडत, पॅसेजकडे धावली, आणि दारात आडवं काहीतरी होतं ते ओलांडून पलीकडे गेली.

तिकडे घंटी वाजू लागली. जपान पाच तास पुढे, तिकडे आता संध्याकाळ उलटून गेली असणार.

"आई," मागून हाक आली. "ओलांडलंस मला. उलटं ओलांड ना."

अनुपमा वळली. पोरगी दारात उताणी पडली होती, टॅबलेट छातीवर. पाय चौकटीपर्यंत पोचत होते. पूर्वी पोचत नव्हते.

"अगं, ओलांड की!" सुजीत स्वयंपाकघरातून हसत ओरडला. "पोरीची उंची खुंटेल!"

घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं. वीतभर उंचीवरचा तो हात अनुपमाला दिसत होता, मग त्याच्यावर ओतली जाणारी स्वच्छ वाळू, वर गवत. तिनं पाय उचलला नाही. भिंतीला पाठ लावून ती पलीकडेच उभी राहिली, आणि फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखू लागला.

खाली पडलेल्या पोरीनं टॅबलेट बाजूला ठेवला. हात पोटावर घेतले, गुडघे छातीशी ओढले, आणि तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "बरं. मी थांबते. मला सवय आहे."